दोघांकडून एकच गडी

फोन वाजला तेव्हा मिनल एका आजोबांले विचारून राहिली होती, "हे साफ दिसते, का हे?" अन् आजोबा म्हणून राहिले होते, "दोन्ही सारखंच दिसते बाई." आता हे तं तिचं रोजचंच. सीताबर्डीत त्या चष्म्याच्या दुकानात मागे एक अंधारी खोली आहे, तिथं ती दिवसभर हेच करते, एक काच फिरवते, दुसरी फिरवते, पहिलं का दुसरं, पहिलं का दुसरं, अन् लोक इतके घाबरतात म्हणून सांगू, मोठमोठे मिशीवाले बाप्ये त्या खुर्चीत बसले की पोट्ट्यांसारखे होऊन जातात, चुकीचं उत्तर दिलं तं काय होईल अशा तोंडानं पाहतात. मिनलले माहीत होतं की माणूस 'दोन्ही सारखंच' म्हणाला की नंबर सापडला, तिथंच थांबायचं असते, पुढे विचारायचंच नसते. पण तो रविवार, त्यात दिवाळी तोंडावर, बाहेर फुटपाथवर कपडेवाल्यांचा असा कल्ला की आतल्या भिंती हलून राहिल्या होत्या. तिनं खांद्यानं फोन कानाशी दाबला, हातातली काच हातातच, अन् तिकडून आयुष म्हणे, "मिनू, बरोबरी झाली वं."

आयुष म्हणजे तिचा नवरा. अन् बरोबरी म्हणजे त्यांच्या खो-खो मंडळाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत. मतदान त्याच दिवशी सकाळी झालं होतं, एकीकडे आयुष उभा होता अन् दुसरीकडे नत्थूजी. नत्थूजी म्हणजे मंडळाचे जुने अध्यक्ष, अन् आयुषचे, मिनलचे, तिथं पळलेल्या सगळ्यांचेच सर. मिनलच्या दोन वेण्या होत्या तेव्हापासून त्यांनी तिले पळायले शिकवलं. म्हणजे बघा, तिच्या घरात निवडणूक म्हणजे काय होती ते.

"बरोबरी म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे टाय! जितकी मतं मले, तितकीच सरांले. पंच पुष्पलता मॅडमनं पुन्हा मोजली, तरी तेच. मी म्हटलं, चिठ्ठी टाका अन् मोकळे व्हा. तं सर म्हणे, आपल्या मंडळात चिठ्ठी नाही, लघुत्तम आहे. संध्याकाळी ग्राउंडवर. तू लवकर निघ. अन् ऐक ना, थँक्यू वं."

"कायले?"

"अवं, तुझं एक मत नसतं तं हारलो असतो ना मी!"

फोन ठेवला अन् तिले असं वाटलं का कोणीतरी पायाखालची फरशी बोटभर सरकवली. आजोबा अजून हनुवटी टेकवून बसलेलेच. "मग मी कोणतं म्हणू बाई?" "काहीही म्हणा आजोबा," तिच्या तोंडून निघून गेलं, अन् मग तिले इतकी लाज वाटली की तिनं त्यांचे डोळे पहिल्यापासून पुन्हा तपासले. पण डोकं जाग्यावर नव्हतं. कारण खरं सांगू का, तिचं मत कोणाले गेलं हे तिले स्वतःलेच माहीत नव्हतं. हसू नका, ऐका आधी. ते मंडळ काढलं हातमागवाल्यांनी, ज्यांचे माग बंद पडत आले अन् ज्यांनी हुडकेश्वरकडे प्लॉट घेतले त्यांनी, तिकडे तेव्हा नुसतं रान होतं. बऱ्याच जणांले लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मतदान कांडीवर ठेवलं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात सूत गुंडाळून घालतात ती बोटाएवढी नळी. पडद्यामागे दोन मडके, एकाले चुन्याचा पट्टा, एकाले काजळीचा, आत जायचं, आपली कांडी एकात टाकायची, बाहेर यायचं. आता कोणाच्याच घरी माग नाही, कोणी बँकेत आहे, कोणी दवाखान्यात, कोणाचं मोबाईलचं दुकान, पण कांड्यांची पिशवी दरवेळी निघते, अन् सगळ्यांले त्याचं मोठं कौतुक. चुना आयुषचा, काजळी नत्थूजीची. मिनल सकाळी आत गेली तं मडके इतके चिकटवून ठेवलेले की तोंडाले तोंड. तिनं हात नेला अन् हात मध्येच राहिला. आयुषचा चेहरा आठवला, रात्रभर झोपला नव्हता तो, उशी इकडून तिकडे करत होता. नत्थूजीची बाहेर बसण्याची पद्धत आठवली, खुर्ची असतानाही उकिडवे, खो-खोच्या पाटीत, दोन खांबांमधल्या रांगेत, बसतात तसे. हात तिथंच. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अवं मिनल, मत टाकून राहिली का विरजण लावून राहिली?" सगळे हसले, तिलेही हसू आलं, अन् बोटं सुटले. कांडी काठावर आपटली, टण् झालं, काठावरच जराशी नाचली अन् पडली कुठंतरी. वाकून पाहिलं असतं तं वरच पडलेली दिसली असती. तिनं पाहिलं नाही. पडदा सारून बाहेर आली, आयुषनं दुरून अंगठा दाखवला, नत्थूजीनं फक्त मान हलवली, अन् तिनं दोघांकडे पाहून तोच एक हसरा चेहरा केला.

संध्याकाळी गाडी काढली अन् मेडिकल चौकापर्यंत तिले कळलंच नाही ती आली कशी. सिग्नलले उभी राहिली तेव्हा डोक्यात एकच, चिठ्ठी काहून नाही म्हणतात हे लोक? तिच्या माहेरी, सावनेरकडे, एकदा ग्रामपंचायतीत अशीच बरोबरी झाली होती, तेव्हा एका लहानशा पोरीले स्टुलावर उभं करून डब्यातून चिठ्ठी काढायले लावली. जो हारला त्यानं त्या पोरीच्या गालाचा पापा घेतला होता, कारण तिच्यावर रागावणार कसं? चिठ्ठीत कोणी कोणाले सोडलं असं होत नाही. कोणी सोडत नाही, हात आत जाते अन् बाहेर येते. फुटबॉलात पेनल्टी मारतात, क्रिकेटात पुन्हा एक ओव्हर टाकतात, तिथं निदान चेंडूवर तरी ढकलता येते. पण लघुत्तम! ज्यांले माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खो-खोत सामना बरोबरीत सुटला की लघुत्तम आक्रमण खेळतात. म्हणजे पुरा डाव नाही, फक्त पहिला गडी बाद होईपर्यंत. ज्याचा गडी जास्त वेळ टिकला तो जिंकला. अन् मंडळाच्या जुन्या लोकांनी तेच निवडणुकीले लावून ठेवलं होतं, उमेदवारानं आपला एक गडी द्यायचा, पोरी त्याच्या मागे पळतील, ज्याचा गडी जास्त टिकला तो अध्यक्ष. आजपर्यंत गरजच पडली नव्हती कोणाले. तुकडोजी पुतळ्याजवळ तिले वाटलं, आयुष एखाद्या तेज पोट्ट्याले देईल, सर कोणाले देतील? त्यांच्या बाजूचे तं सगळे गुडघे धरून चालणारे. मग सर हारतील. अन् हे मनात आलं तं छातीत काहीतरी खाली गेलं. मग मानेवाड्याच्या गर्दीत वाटलं, नाही, आयुष हारेल, तं पुन्हा तसंच खाली गेलं. म्हणजे दोन्हीकडून सारखंच. तिले रडावं का हसावं समजेना, मागचा ऑटोवाला हॉर्न मारून मारून थकला.

भांडण तं तसं साधंच होतं. ग्राउंडच्या चारी बाजूंनी फ्लॅट उभे झाले, अन् आयुष म्हणे, लग्नाच्या सीझनमध्ये ग्राउंड लॉन म्हणून द्या, चार महिने मंडप लागू द्या, त्यातून मॅट घेऊ. कारण आता सगळ्या स्पर्धा मॅटवर होतात, अन् आपल्या पोरी मातीत शिकतात अन् मॅटवर जाऊन घसरतात, पहिल्याच दिवशी घरी वापस. खरं आहे ना? एकदम खरं आहे. अन् नत्थूजी म्हणे, एकदा मंडपाचे खिळे ठोकले की चार महिन्याचे आठ होतात, जेवणावळीचं तेल मातीत मुरते, अन् पोरी तोपर्यंत काय करतील, गच्चीवर खो देतील का? तेही खरं आहे. मिनल घरी आयुषचं ऐकायची तं तिले आयुषचं पटायचं, आयुषसाठी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, बरोबर आहे तुझं. अन् सकाळी ग्राउंडवरून जाताना नत्थूजी मातीवर पाणी मारत दिसायचे, पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून, असं हळू, जसं कोणाच्या पाठीवर मारून राहिले, तं तिले त्यांचं पटायचं. लोक म्हणतात ना, माणसाचं एक मत असते. तिले वाटायचं, मले दोन आहेत, अन् दोन्ही पुरे पुरे आहेत, अर्धे अर्धे नाहीत. हेच कोणाले समजत नाही.

अन् तिले अमरावती आठवत होती, जी तिले आठवायची नव्हती. मुलींची फायनल, बरोबरी, अन् लघुत्तम. नत्थूजीनं संघातून तिलेच पळायले पाठवलं, दुसरी कोणी नाही, मिनल. शिटी वाजली अन् ती उभी राहिली. नुसती उभी. समोरची पोरगी डावीकडून येऊन राहिली होती, उजवीकडे सगळं रिकामं होतं, डावीकडूनही निघता आलं असतं, अन् ती दोन्ही रस्ते पाहत उभी, अन् पाठीवर हात पडला. संपलं. लोकांनी टाळी वाजवायलेही वेळ लावला, त्यांले समजलंच नाही का खेळ झाला म्हणून. बसमध्ये नत्थूजी तिच्या शेजारी बसले, तळेगावले बस थांबली तेव्हा खाली उतरून केळी आणली, सोलून तिच्या हातात दिली. आजपर्यंत एकदाही विचारलं नाही त्यांनी. अन् आयुष, जो तेव्हा पोट्ट्यांच्या संघात होता, मागच्या सीटवरून पुढे वाकला अन् सरळ म्हणे, "तू उभी काहून राहिली बे?" इतका राग आला होता तिले! पण सगळ्या बसमध्ये एकट्यानं विचारलं. पुढे त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तिले कधी कधी वाटायचं, त्या प्रश्नाशीच केलं. अन् ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याकडे ती बापाकडे जावं तशी दिवाळीले फराळाचा डबा घेऊन जायची. विचारणाराही आपला, न विचारणाराही आपला. आता सांगा, याच्यात काजळी कोणती अन् चुना कोणता?

ग्राउंडवर पोचली तं ऊन तिरपं झालं होतं. दोन्ही खांब रोवलेले, चुन्याच्या रेषा ताज्या, अन् या वर्षीच्या पोरी पाटीत बसून पाय मोकळे करून राहिल्या होत्या. मंडळाचे सगळे जमलेले, फ्लॅटच्या गॅलऱ्यांमध्येही लोक चहाचे कप घेऊन उभे. पुष्पलता मॅडम, ज्या शाळेत पीटी शिकवतात अन् निवडणुकीच्या पंच होत्या, त्यांनी गळ्यातली शिटी हातात घेतली. "चला, उमेदवारांनी आपापला गडी सांगा. नत्थूजी, तुम्ही मोठे, तुम्ही आधी."

नत्थूजी उकिडवेच बसले होते. उठलेही नाहीत. म्हणे, "मिनल."

एक सेकंद कोणालेच समजलं नाही. मग असा हशा उठला! आयुषही हसला. "सर, मस्करी करून राहिले का? ती माझी बायको आहे."

"बायको आता झाली गा. त्याच्या आधीपासून माझी गडी आहे."

"अहो पण तिनं मत मले दिलं!"

"तुले दाखवून टाकलं का?" नत्थूजीनं विचारलं, अन् तेव्हा पहिल्यांदा मिनलकडे पाहिलं, अन् तिले समजलं की सरांलेही पक्कं वाटून राहिलं आहे, तिची कांडी काजळीत आहे म्हणून. दोघांलेही पक्कं. एका कांडीवर दोन माणसं उभी होती अन् दोघांचेही पाय टेकले होते.

आयुषचे कान लाल झाले. तो चिडला की कान लाल होतात त्याचे, लहान पोरासारखे. "ठीक आहे. मग माझ्याकडून पण मिनलच."

आता तं कल्लाच. कोणी म्हणे असं चालत नाही, कोणी म्हणे काहून चालत नाही, एक जण म्हणे घटस्फोटच करा एकदाचा. पुष्पलता मॅडमनं शिटी मारली. "नियम इतकाच आहे की ज्यानं त्यानं आपला एक गडी द्यायचा. दोघांचा गडी एकच नको असं कोणी म्हटलेलं नाही. म्हणणार तरी कसं, असं कोणाच्या डोक्यात तरी येईल का? दोनदा पळंल ती. आधी नत्थूजीकडून, मग आयुषकडून."

"मॅडम, मी नाही पळत," मिनल म्हणाली.

"नाही पळली तं दोघांचंही शून्य. म्हणजे पुन्हा बरोबरी. म्हणजे पुन्हा तूच."

पुन्हा हसले लोक. तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेले बांधली. पायाले माती लागली, ओलसर, गार, अन् दोन वर्षांनी पायाले अशी माती लागली तं पाय आपलेआपच बोटांवर झाले. अंजू, जी सध्या संघात सगळ्यात तेज, जवळ येऊन हळूच म्हणे, "ताई, मी सोडणार नाही बरं का. यांच्या वेळी नाही, त्यांच्या वेळी पण नाही." "नको सोडू," मिनल म्हणाली, अन् तिले त्या पोरीचा एकदम आधार वाटला, कारण तिथं ती एकटीच अशी होती जिले तिच्याकडून दुसरं काहीच नको होतं, फक्त पाठ पाहिजे होती हात लावायले.

पहिला डाव नत्थूजीचा. शिटी वाजली. या वेळी ती उभी नाही राहिली, पळाली, बसलेल्या पोरींच्या मधून नागमोडी, या बाजूनं त्या बाजूनं, मागे खो, खो, खो, एक बसते एक उठते, मागे लागलेलीले मधली रेष ओलांडता येत नाही, पण हिले येते, तेवढाच काय तो फायदा. ती मनात म्हणून राहिली होती, सरांसाठी पळ, सरांसाठी पळ, केळ आठव, पाइप आठव. अन् जितकं आठवत होती तितका श्वास वर वर येत होता. पाय चालून राहिले होते, पण असं वाटत होतं का कोणाचे तरी धुतलेले कपडे घालून पळून राहिली आहे, कुठंतरी काचते. खांबाजवळ अंजू उठली. मिनलले दिसली ती, चांगली दिसली. निघायले जागा होती. ती वळली, जरासा उशीर झाला म्हणा, किंवा डावा पाय आखडला म्हणा, अन् खांद्यावर फट्कन हात. बाद. गॅलऱ्यांमधून टाळ्या आल्या. ती वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली, अन् तिले अगदी खरं खरं वाटलं की याच्याहून जास्त तिच्यात नव्हतं, सगळं देऊन टाकलं. सरांकडे पाहिलं तं सरांनी बोटानं पाणी पी म्हणून दाखवलं.

आयुष तांब्या घेऊन आला. "मस्त पळली. पण एवढी वेळ तं मोडू शकते ना तू?" मग हळू आवाजात, "हे पाह, नाही मोडली तरी चालते. मी रागावणार नाही." तिनं पाणी पिता पिता त्याच्याकडे पाहिलं. त्यालेही समजलं होतं, बहुतेक तेव्हाच समजलं होतं, का आपण हिले कुठं उभं केलं. अन् ती विचार करून राहिली होती, आता दुसऱ्या डावात नुसती उभी राहिली तरी तो निर्णय, पळाली तरी निर्णय, हळू पळाली तरी निर्णय. सकाळी निदान पडदा होता. इथं अंग आहे, अन् अंगाले पडदा नाही. बाद झाली तं सर राहतील, माती राहील, अन् रात्री बाजूच्या उशीवर एक माणूस राहील जो म्हणेल, मी रागावलो नाही. नाही झाली तं दिवाळीचा डबा घेऊन कोणत्या तोंडानं जायचं? शिटी वाजली.

अन् मग काय झालं ते तिले नीट सांगताच आलं नाही कधी. सुरुवातीले डोक्यात शब्द होते, आयुष, सर, आयुष, सर, मग नुसते खो होते, मग खोही नव्हते, पाठीमागच्या पायांचा थापथाप आवाज होता अन् पोटाच्या आत काहीतरी हलकं होत चाललेलं. ती मधून निघाली, वळली, पुन्हा मधून निघाली. एका पोरीचा हात वेणीले लागता लागता राहिला अन् ती हसली, पळता पळता, मोठ्यानं. किती वेळ झाला माहीत नाही. कोणासाठी पळून राहिली माहीत नाही. तिले फक्त सापडायचं नव्हतं. कोणालेच नाही. शिटी वाजली ती तिनं ऐकली, पण जशी दुरून दुसऱ्याच कोणाच्या ग्राउंडवर वाजावी तशी.

पहिल्या डावाची वेळ मोडली होती. आयुष अध्यक्ष झाला होता. त्याची पोट्टे मंडळी आत घुसली, कोणीतरी गुलाल काढला, पाटीतल्या पोरी एक एक करून उठल्या अन् गुलालाकडे पळाल्या. मिनल थांबली नाही. अन् अंजूही थांबली नाही, तिले गडी मिळाला नव्हता अजून, तिले त्या शिटीशी काय घेणंदेणं. दोघी पळत राहिल्या, मैदान रिकामं, मिनल मधली रेष ओलांडून या बाजूले आली की अंजू त्या बाजूले अडकते, खो द्यायले कोणी नाही. अंजू ओरडली, "अवं बसा ना कोणीतरी!"

अन् नत्थूजी आले. धोतर सावरत, चपला बाहेर काढून, आले अन् मधल्या पाटीत बसले. उकिडवे, पाठ सरळ, हात जमिनीले टेकवलेले, नव्या पोरीले शिकवावं तसे. हारलेला माणूस असा बसत नाही हो. गुलालातले दोन-तीन जण वळून पाहायले लागले. अंजूनं जराशी वाट पाहिली, मग त्यांच्या पाठीवर हात मारला, "खो!"

ते उठले. वयाच्या मानानं एकदम झटक्यात उठले. मिनल खांबाशी होती, दम लागलेला, चेहरा लाल, अन् तिनं पाहिलं, सर येऊन राहिले आहेत, सरळ तिच्याकडे, हात पुढे, डोळे तिच्या कमरेवर. खांद्याकडे पाहायचं नाही, कमरेकडे पाहायचं, त्यांनीच शिकवलेलं. थांबता आलं असतं. म्हातारा माणूस, हात लावू द्यायचा अन् संपवायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, किती छान दिसलं असतं ते. तिच्या डोक्यात आलंही तसं. पण अंगानं विचारलं नाही. खांदा उजवीकडे गेला, कमरही उजवीकडे गेली, अगदी पुरी गेली, सरांचा पाय पडेपर्यंत गेली, अन् मग ती त्यांच्या डाव्या हाताखालून अशी निघाली की त्यांच्या बोटांले वारा लागला असेल तिचा. नत्थूजी हवा पकडून दोन पावलं पुढे गेले, गुडघ्यावर आले, अन् मोठ्यानं हसले. "हां! हां! अशी!"

ती मागे वळली, तीही हसून राहिली होती. खूप दिवसांनी असं हसणं. दोघंही हसून राहिले होते, माती उडालेली, मागे आयुषच्या नावाचा जल्लोष. अन् मग तिच्या डोळ्यांदेखत सरांचं हसू थांबलं. एकदम नाही, हळूहळू, तोंड तसंच उघडं राहिलं अन् डोळ्यांतून ते निघून गेलं. गुडघ्यावरूनच त्यांनी तिच्याकडे वर पाहिलं. आजपर्यंत ज्यांनी कधी काही विचारलं नव्हतं, त्यांनी विचारलं.

"ही हूल माझ्या डावात कुठं होती वं?"

आवाजात राग असता तं बरं झालं असतं. नव्हता. खरंच विचारून राहिले होते ते, न समजून. मिनलनं तोंड उघडलं. दम लागला होता म्हणणार होती, पाय आखडला होता म्हणणार होती, पण दम तं आता जास्त लागला होता, अन् पाय तिच्याखाली नवे असल्यासारखे उभे होते. मागून आयुष हाका मारून राहिला होता, "मिनू, ये ना वं इकडे!" नत्थूजीनं एक हात जमिनीवर टेकवला, उठले, गुडघ्याची माती झटकली नाही. अंजू अन् तिच्यासारख्या दोघी-तिघी तिथं येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, जसं रोज संध्याकाळी म्हणायचे तसंच, "पाहून घेतलं का पोरींनो? हूल अशी मारतात. समोरच्याले शेवटपर्यंत समजलं नाही पाहिजे." अन् चपला घालायले रेषेबाहेर गेले.